मुलाखतीनंतरची धाकधूक

नोकरीची मुलाखत वीस-पंचवीस मिनिटांत आटोपते. तिची मनातली उजळणी मात्र निकाल लागेपर्यंत थांबत नाही. उमेदवार दार लोटून बाहेर येतो आणि लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधीच एखादे फसलेले उत्तर आठवून त्याच्या पोटात गोळा येतो. 'प्रोजेक्टमधला तुमचा स्वतःचा वाटा किती?' इतका साधा प्रश्न होता आणि त्यावर आपण भलतेच काहीतरी बोलून बसलो, ही चुटपुट पाठ सोडत नाही. घरी 'कशी झाली?' असे विचारले की 'ठीक झाली' नाहीतर 'माती खाल्ली' एवढेच उत्तर येते. पुढे आठ-दहा दिवस अनोळखी नंबरवरून फोन आला की छातीत धस्स होते. मुलाखतीला जाताना कपडे कोणते घालावेत, पगाराचा विषय कसा काढावा, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. नंतरचे दिवस कसे काढावेत, हे सहसा कोणी सांगत नाही.

मानसशास्त्राने या दिवसांचा बराच अभ्यास केला आहे आणि त्यातून निघणारे तात्पर्य उमेदवाराच्या सोयीचे आहे. मुलाखत संपल्यावर मन स्वतःबद्दल जो निकाल देऊन टाकते, तो विश्वासार्ह नसतो. तो कसा तयार होतो हे नीट कळले, तर त्याची धार बरीच बोथट होते.

शरीरात काय घडते

१९९३ साली जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात क्लेमेन्स किर्शबाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसावर हमखास ताण आणणारी एक चाचणी प्रसिद्ध केली. निरोगी माणसाला प्रयोगशाळेत, कोणतीही इजा न करता घाम फोडायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी निवडली ती नोकरीची लुटुपुटूची मुलाखत. सहभागी व्यक्तीला तयारीसाठी थोडा वेळ मिळतो. मग परीक्षकांसमोर उभे राहून 'या पदासाठी मीच का योग्य' हे सांगायचे असते. परीक्षक हसत नाहीत, मान डोलावत नाहीत, नुसते पाहत राहतात. बोलणे संपले की १०२२ मधून तेरा-तेरा वजा करत मोठ्याने उलटे मोजायचे: १००९, ९९६, ९८३... एक आकडा चुकला की पुन्हा १०२२ पासून सुरुवात.

एवढ्यावर बहुतेकांच्या लाळेतले कॉर्टिसॉल चांगलेच वाढते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी ताणाच्या वेळी हे संप्रेरक रक्तात सोडतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की कॉर्टिसॉलचा उच्चांक चाचणी चालू असताना गाठला जात नाही. तो चाचणी संपल्यावर दहा-वीस मिनिटांनी येतो आणि पातळी मूळ पदावर यायला पुढे तास-दीड तास लागू शकतो. म्हणजे उमेदवार रिक्षात किंवा लोकलमध्ये बसून 'कशी झाली मुलाखत' याचा हिशेब मांडू लागतो, तेव्हा त्याचे शरीर अजून मुलाखतीतच असते. धडधड, कोरडा घसा, हातापायांतली कापरी यांचा अर्थ मन लगेच लावून मोकळे होते: 'एवढी घालमेल होते आहे, त्याअर्थी काहीतरी बिघडले आहे.' प्रत्यक्षात घालमेल मुलाखत दिल्याची असते, बिघडल्याची नसते.

याच चाचणीबाबत पुढे आणखी एक गोष्ट दिसून आली. बोखुम विद्यापीठातील संशोधकांनी कार्यक्रमाचा साचा साधारण तसाच ठेवून परीक्षकांना प्रेमाने वागायला लावले; ते हसले, प्रोत्साहन देत राहिले. तेव्हा कॉर्टिसॉल तसे वाढले नाही. समोरच्याचा निर्विकार चेहरा हाच ताणाचा मोठा भाग असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. पॅनलवर बसलेले अनेक जण मात्र असा चेहरा जाणूनबुजून ठेवतात. प्रत्येक उमेदवाराला सारखे वागवण्याची ती त्यांची रीत असते.

मनातली उजळणी

शरीर निवले की मन कामाला लागते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सामाजिक भीतीचे एक प्रारूप मांडले. लोकांसमोर जायला घाबरणारी माणसे प्रसंग संपल्यानंतर त्याचे शवविच्छेदन करत बसतात, ही सवय त्या प्रारूपात महत्त्वाची मानली आहे. ही सवय त्रासदायक ठरते, कारण अशा माणसाचे लक्ष प्रसंगाच्या वेळीच स्वतःवर खिळलेले असते. आवाज कापतो आहे का, चेहरा लाल झाला आहे का, याकडे तो आतून पाहत असतो. समोरच्याने मान डोलावली, काही टिपून घेतले, पुढचा प्रश्न रस घेऊन विचारला, यातले फारसे काही त्याच्या स्मरणात उतरतच नाही. नंतर उजळणी करताना हाताशी साहित्य उरते ते फक्त स्वतःच्या अस्वस्थतेचे.

त्यामुळे पंधरा प्रश्नांपैकी बारांची उत्तरे सरळ गेली, दोन जेमतेम गेली आणि एकाला 'माहीत नाही' म्हणावे लागले, तर रात्री अंथरुणावर पडल्यावर तो एकच प्रश्न डोक्यात घोळतो. प्रत्येक फेरीत तो थोडा मोठा होतो. 'मला ते कलम आठवले नाही' याचे दुसऱ्या दिवशी 'मला कायद्यातले काही येत नाही' होते आणि चार दिवसांनी 'आपण या लायकीचेच नाही' इथवर मजल जाते. एका चुकीवरून संपूर्ण स्वतःचे मोल ठरवण्याच्या या प्रवृत्तीवर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपली विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती उभी केली. भारतात ती रुजवण्यात मुंबईच्या कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. एलिस यांच्या मते घटना माणसाला जितकी छळते, त्याहून जास्त त्या घटनेबद्दलचा त्याचा हट्टी समज छळतो. 'मुलाखत चांगली व्हावी' ही इच्छा झाली; 'ती चांगली झालीच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी' हा हट्ट झाला. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते. हट्ट पुरा झाला नाही तर माणूस खचतो.

समोरच्याला दिसते तरी किती

आपली भीती चेहऱ्यावर स्वच्छ दिसते, असे घाबरलेल्या माणसाला वाटते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी केनेथ सॅवित्स्की व व्हिक्टोरिया मेडवेक यांनी १९९८ साली दाखवले, की हा अंदाज अतिरंजित असतो. मनातले बाहेर जेवढे फुटते असे वाटते, त्याहून बरेच कमी फुटते. २००० साली याच संशोधकांनी काही विद्यार्थ्यांना, घालायला संकोच वाटेल असा एका गायकाच्या चित्राचा टी-शर्ट चढवून इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठवले. टी-शर्टवर कोण आहे हे निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही ते लक्षात आले नव्हते.

भाषण करणाऱ्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली तर काय होते, हेही २००३ साली तपासले गेले. 'तुमची भीती इतरांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नाही' हे ज्यांना आधी कळले होते, ती माणसे अधिक निवांतपणे बोलली आणि श्रोत्यांनाही त्यांची भाषणे जास्त आवडली. पुढे २०१८ साली एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकमेकांना अनोळखी माणसांना गप्पा मारायला बसवले. 'समोरच्याला मी किती आवडलो असेन' हा प्रत्येकाचा अंदाज समोरच्याने दिलेल्या खऱ्या पसंतीपेक्षा सरासरीने कमी निघाला. मुलाखत म्हणजे गप्पा नव्हेत हे खरेच. पण आपली छाप कशी पडली याचा अंदाज बांधताना माणूस स्वतःवर अन्याय करतो, ही सवय दोन्हीकडे सारखीच असते.

संकेत शोधण्याचा खेळ

निकालाची वाट पाहणारा उमेदवार पॅनलच्या बारीकसारीक वागण्यातून अर्थ काढू लागतो. मुलाखत लवकर संपली म्हणजे नापसंती, एकाने घड्याळ पाहिले म्हणजे कंटाळा, 'आम्ही कळवू' म्हणाले म्हणजे विषय मिटला. यातल्या प्रत्येक खुणेचे दुसरे साधे कारण असू शकते. बाहेर आणखी सहा जण ताटकळत असतात, म्हणून घड्याळ पाहिले जाते. 'कळवू' हे वाक्य निवडलेल्यालाही ऐकवले जाते, कारण पगार ठरवणे, वरिष्ठांची सही घेणे ही कामे व्हायची असतात. एकामागून एक अवघड होत जाणारे प्रश्न बऱ्याचदा आधीची उत्तरे पटल्याचे लक्षण असते. उमेदवार कुठपर्यंत टिकतो ते पाहायचे असते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांमध्ये हा खेळ सर्वांत जोरात चालतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुख्य लेखी परीक्षेचे १७५० आणि व्यक्तिमत्त्व चाचणीचे २७५, असे २०२५ गुण असतात. दिल्लीच्या शाहजहान रोडवरील धोलपूर हाउसमधून बाहेर पडताच 'बोर्ड कोणाचे होते, किती वेळ घेतला, हसले का' याची चर्चा सुरू होते आणि तिच्यावरून गुणांचे आडाखे बांधले जातात. गुणपत्रिका आल्यावर यातले कित्येक आडाखे कोसळतात: 'झकास झाली' म्हणणाऱ्याला बेताचे गुण पडतात आणि 'वाट लागली' म्हणणारा त्याच्या पुढे निघतो.

मुलाखतीची मोजपट्टी

मुलाखत माणसाची पारख अचूक करते, हे गृहीतही तपासून पाहण्यासारखे आहे. मुलाखतीतील गुण आणि पुढे कामावर दिसलेली कामगिरी यांचा मेळ किती बसतो, हे संशोधक शून्य ते एक या मापाने मोजतात. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही. एक म्हणजे पूर्ण मेळ. २०२२ साली पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा नव्याने हिशेब मांडला. सर्वांना तेच प्रश्न आणि ठरलेले गुणांकन अशा आखीव मुलाखतीसाठी हे माप सुमारे ०.४२ निघाले, तर मनाला येईल ते विचारण्याच्या सैल मुलाखतीसाठी सुमारे ०.१९. निवडीच्या प्रचलित साधनांमध्ये आखीव मुलाखत वरच्या क्रमांकावर आहे, तरीही तिचे माप एकच्या निम्म्यालाही पोहोचत नाही.

सैल मुलाखतीबद्दलचा भ्रम किती घट्ट असतो, हे जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनियल पीटरसन यांच्या २०१३ सालच्या प्रयोगात दिसले. विद्यार्थ्यांनी दुसऱ्या विद्यार्थ्यांची मुलाखत घेऊन त्यांना पुढच्या सत्रात किती गुण पडतील, हे सांगायचे होते. काही जणांना उत्तरे स्वतःच्या मनाने द्यायची नव्हती. प्रश्नातल्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून एका ठरलेल्या नियमाने 'हो' किंवा 'नाही' म्हणायचे होते. समोरचा अशी निरर्थक उत्तरे देतो आहे, याचा मुलाखत घेणाऱ्यांना संशयही आला नाही. समोरचा माणूस आपल्याला कळला, असेच त्यांना वाटत राहिले. आधीच्या गुणांवरून नुसता हिशेब केला असता, तर अंदाज जास्त बरोबर आले असते.

निकालावर उमेदवाराच्या हातात नसलेल्या गोष्टींचाही परिणाम होतो. कंपनीत आधीच कोणी नजरेत असते, बजेट अडते, पदच रद्द होते, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड नको असतो किंवा अपेक्षित पगार बसत नाही. मुलाखतीत आवडनिवड आणि वशिला यांना वाव राहतो, हा आक्षेप जुनाच आहे. त्याची दखल घेऊन केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट 'ब'च्या अराजपत्रित आणि गट 'क'च्या पदांसाठी मुलाखती बंद केल्या. म्हणून नकार आला तर त्याचा अर्थ 'या वेळी, या पदासाठी, या लोकांनी दुसऱ्याला घेतले' एवढाच निघतो.

वाट पाहण्याचा त्रास

काय झाले ते कळले तर माणूस तोंड देतो. कळतच नसले तर झुरतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आर्ची द बर्कर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली एक संगणकी खेळ वापरून याची पाहणी केली. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा हलका झटका बसे. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना लोकांना जेवढा ताण आला, त्याहून तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना जास्त आला. 'होईल की नाही होणार' ही अवस्था वाईट बातमीहून जड जाते ती अशी.

कॅलिफोर्नियातील केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ वाट पाहण्याच्या काळाचाच अभ्यास करतात. तिथल्या वकिलीच्या परीक्षेचा निकाल सुमारे चार महिन्यांनी लागतो. त्या काळात उमेदवारांची मनःस्थिती कशी बदलते, हे त्यांनी नोंदवले. काळजी करायचीच नाही असे ठरवणे, मनाला दुसरीकडे वळवणे, सर्वांत वाईटाची तयारी ठेवणे, असे नाना उपाय लोकांनी केले. त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. उलट, वाट पाहताना जे जास्त अस्वस्थ होते, त्यांना निकाल कळल्यावर बातमी पचवणे सोपे गेले. पुढच्या अभ्यासांत, वेळेचे भान हरपेल अशा कामात गुंतलेल्यांना आणि ध्यानाचा सराव करणाऱ्यांना हा काळ थोडा सुसह्य गेल्याचे दिसले. तेव्हा धाकधूक वाटते म्हणून स्वतःला दुबळे समजण्याचे कारण नाही. ती पूर्ण घालवता येत नाही. तिच्यासोबत दिवसाची कामे मात्र करता येतात.

करण्यासारख्या गोष्टी

पहिले दोन-तीन तास मुलाखतीबद्दल कोणतेही मत बनवू नये. खावे, पाणी प्यावे, जमल्यास एखादा थांबा आधी उतरून चालत जावे. शरीर पूर्वपदावर आल्यावर, शक्यतो त्याच संध्याकाळी, वहीचे एक पान घ्यावे. त्यावर तीन रकाने करावेत: विचारलेले प्रश्न, दिलेले उत्तर आणि पुढच्या वेळी काय सांगेन. सर्व प्रश्न लिहावेत, फसलेले आणि जमलेलेही. एखादी नोंद अशी असेल: 'प्रोजेक्टमधला तुमचा वाटा? — टीमने केलेले सगळे काम सांगत बसलो. — पुढच्या वेळी: डेटाबेस मी बांधला, रिपोर्ट निघायला लागणारा वेळ निम्म्यावर आला.' मनात घोळणारा प्रश्न कागदावर उतरला आणि त्यापुढे पुढची कृती लिहिली, की तो पुन्हा पुन्हा टोचणे कमी होते. मॅसिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ सालच्या प्रयोगांत अर्धवट कामांचे असेच झाले: ती कधी व कशी करायची हे ठरवताच, काम पुरे झालेले नसतानाही, त्यांचे विचार मध्ये मध्ये येईनासे झाले. पान भरले की वही मिटावी. तोच प्रश्न परत आठवला तर 'वहीत आहे' म्हणून पुढे जावे.

स्वतःशी बोलण्याची पद्धतही बदलून पाहावी. मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस यांनी २०१४ साली काही जणांना, आवडत्या नोकरीसाठी आपण कसे लायक आहोत यावर आयत्या वेळी भाषण करायला लावले. 'मी का घाबरतोय?' असे विचारण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून विचार करणाऱ्यांची भाषणे सरस झाली आणि त्यांनी नंतर उजळणीही कमी केली. 'संदीप, एक प्रश्न चुकला, बाकीचे नीट गेले, आता जेवून घे' असे म्हणताना माणूस स्वतःकडे मित्राच्या नजरेने पाहू लागतो.

मित्रांशी बोलावे, पण एकदाच आणि एक-दोघांशीच. तोच प्रसंग सात जणांना सांगितला की सात वेळा उजळणी होते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर 'तुम्हाला काय विचारलं?' हा धागा उसवत बसण्यात तर काहीच हाती लागत नाही.

खासगी नोकरीसाठी मुलाखत दिली असेल, तर दुसऱ्या दिवशी चार ओळींचा आभाराचा ईमेल पाठवावा. त्यात चुकलेल्या उत्तराचा खुलासा करत बसू नये. फार तर मागितलेली एखादी माहिती द्यावी. निकाल कधीपर्यंत कळेल हे मुलाखतीच्या शेवटी विचारलेले असावे. ती तारीख उलटून दोन-चार कामाचे दिवस गेले, तर एकदा चौकशी करावी. सरकारी भरतीत अशी विचारणा करू नये. तिथे संकेतस्थळावरची घोषणा हाच निरोप असतो. या दरम्यान इतर अर्ज चालू ठेवावेत. एकाच निकालावर सगळा जीव टांगलेला असला की धाकधूक वाढते. पुढची तारीख हातात असली की तिचा जोर ओसरतो.

नकार आला तर

नकार आल्यावर एक-दोन दिवस वाईट वाटणे स्वाभाविक आहे. शक्य असेल तिथे 'कशात कमी पडलो' हे नम्रपणे विचारावे. उत्तर मिळाले तर वहीत लिहावे, न मिळाले तर मनाने उत्तर रचू नये. मनात कढ साचला असेल, तर तोही लिहून काढल्याने फरक पडतो. अमेरिकेत नोकरी गेलेल्या काही अभियंत्यांना स्टेफनी स्पेरा, एरिक बुरफाइंड आणि जेम्स पेनेबेकर यांनी पाच दिवस रोज वीस मिनिटे आपल्या मनातले लिहायला सांगितले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, मनातले लिहिणाऱ्यांना इतरांपेक्षा लवकर नव्या नोकऱ्या मिळाल्या.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. दोन-तीन आठवडे झोप न लागणे, जेवण तुटणे, पुढच्या मुलाखतींची बोलावणी टाळणे, 'जगून उपयोग काय' असे विचार येणे, ही नेहमीची धाकधूक नव्हे. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस केव्हाही फोन करता येतो आणि मराठीतही बोलता येते. घरच्यांनीही रोज 'काही कळलं का?' विचारणे थांबवावे. कळले की उमेदवार आपणहून सांगेलच.